इंदिराबाईंची मनुहार

फोटो माझाच होता, त्यात वाद नाही. डोक्याला पदर गुंडाळलेला, हातात पत्तल, आणि चेहऱ्यावर ते बावळट हसू, जे कॅमेरा दिसला की आपोआप येतं. खाली छापलं होतं, 'इंदिराबाई, ग्रामीण लाभार्थी महिला.'

ग्रामीण! अहो, मी जुनी इंदूरची जगदाळे. आमचे पूर्वज होळकरांच्या रिसाल्यात घोड्यावर बसत होते, तेव्हा ह्या संजीवचे आजे-पणजे कुठे होते देव जाणे. मी मेकॅनिकलचा डिप्लोमा केलाय. पोलोग्राउंडच्या इंडस्ट्रियल एरियात माझा स्वतःचा कारखाना आहे, दारावर माझ्या नावाची पाटी आहे. पदर गुंडाळला होता तो काडाची धूळ केसांत जाऊ नये म्हणून. आणि हा माणूस माझा फोटो आपल्या कंपनीच्या चकचकीत पुस्तकात छापून मला लाभार्थी करतो! तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या.

संजीव कोण ते सांगते. एके काळी माझा पार्टनर. आमच्याकडे माळव्यात गहू कापून झाला की शेतात जे खुंट उरतात त्याला नरवाई म्हणतात. शेतकरी ती पेटवून देतात, आणि एप्रिलमध्ये देपालपुरकडून असा धूर येतो की वाळत घातलेल्या चादरींनासुद्धा वास लागतो. ह्या नरवाईच्या पत्तली, म्हणजे तुमच्या पत्रावळी, करायच्या, ही अक्कल माझी. काड किती शिजवायचं, लगदा कसा हवा, गरम साच्यात किती वेळ दाबून ठेवायचा, सगळं मी हात भाजून घेऊन शिकले. साचासुद्धा मीच बनवला. संजीव माल विकायचा, गोड बोलायचा, 'ताई, आप तो जीनियस हो' म्हणायचा. आणि एक दिवस साच्याची ड्रॉइंगं आणि देपालपुरचे शेतकरी, दोन्ही घेऊन साहेब पसार! बघता बघता देपालपुर रोडवर त्याचा मोठ्ठा प्लांट उभा राहिला. आता तो स्टेजवरून सांगतो की खाजगी उद्योगच ह्या देशाची माती आणि हवा वाचवेल. अरे, वाचवेलच ना! मी तेच करत होते, हे शब्द तुझ्या तोंडात यायच्या आधीपासून. आयत्या बिळावर नागोबा मेला.

पुस्तक मला दाखवलं कस्तुरीने. मुंबईच्या एका फंडात नोकरी करणारी मुलगी. पर्यावरण सांभाळून धंदा करणाऱ्या कंपन्या शोधायच्या आणि त्यांना भांडवल द्यायचं, हे त्या फंडाचं काम. संजीवच्या कंपनीवर त्यांचा जीव जडलेला. मोठी गुंतवणूक करायच्या आधी 'लाभार्थींना' भेटावं म्हणून ती नाव विचारत विचारत थेट माझ्या कारखान्यात आली; तिला वाटलं, हाही संजीवनेच उभा करून दिला. मुलगी चांगली होती हो. चप्पल दाराबाहेर काढून आत आली, तिथेच मला कळलं.

"इंदिराबाई तुम्हीच ना?" ती म्हणाली. "संजीव सरांमुळे तुमच्या आयुष्यात काय बदल झाला, थोडं सांगाल?"

माझ्यामागे सुनीता उभी होती. माझी सगळ्यात जुनी कामगार, प्रेस तीच चालवते. तिच्या तोंडातला चहा फुर्रकन बाहेर आला.

माझ्या जिभेवर असं काही आलं होतं की त्या मुलीच्या कानातले डूल गळून पडले असते. पण मी गिळलं. कारण ती पुढे बोलत होती. पुढच्या रविवारी देपालपुर रोडवरच्या एका मॅरेज गार्डनमध्ये संजीवने कार्यक्रम ठेवलाय. फंडाचे साहेब येणार, आणि खास पाहुणे म्हणून उदयसिंह येणार. ते लग्नाच्या सीझनसाठी पत्तल कोणाची घ्यायची, हे तिथेच ठरवणार.

उदयसिंह म्हणजे आमच्या शहरातला सगळ्यात मोठा केटरर. त्याने जी पत्तल उचलली ती बाकीचे सगळे हलवाई उचलतात. त्याच्याकडे मी गेले वर्षभर खेटे घालत होते. मागचा सीझन माझा असातसाच गेला होता. हा सीझन जर संजीवला मिळाला तर माझं शटर खाली, सुनीता घरी, बाकीच्या बायका घरी. इतकं सरळ होतं ते.

"पारंपरिक पंगत बसवणारेत," कस्तुरी सांगत होती. "जमिनीवर. सगळं त्याच पत्तलींवर. पुरी, सुकी भाजी, पुलाव, बर्फी."

सगळं सुकं! माझ्या डोक्यात घंटाच वाजली. संजीवची पत्तल मी बाजारातून आणून घरी तपासली होती. वरून देखणी, कडा सुरेख, आणि बूड अर्धकच्चं. जास्त माल निघावा म्हणून तो साचा लवकर उघडतो. पुरीला चालतं, पाणी ओतून ठेवलं तरी थोडा वेळ चालतं. गरम दाल आणि वर हाताचा जोर, हे काही तिला झेपायचं नाही. आणि त्याला ते पक्कं माहीत होतं. नाहीतर इंदूरचा माणूस पंगतीला पुलाव ठेवतो का?

"पुरी-भाजी?" मी कपाळाला हात लावला. "बेटा, लोक म्हणतील रेल्वेत बसवलं का आम्हाला. माळव्याची पंगत आणि दाल-बाफला नाही? हे तर असं झालं की लग्न आहे आणि नवरदेवच नाही."

"दाल-बाफला म्हणजे?"

मी सांगितलं. बाफला म्हणजे कणकेचा गोळा; तो आधी उकडतात, मग भाजतात, मग तुपात बुडवतात, मग पत्तलीत हाताने चुरून वर गरमागरम दाल. तिचे डोळे चमकायला लागले. "म्हणजे एकदम ऑथेंटिक!"

"एकदम," मी म्हटलं. "आणि संजीवजींना सांग, लाभार्थी बाई म्हणाल्या वाढायला मी स्वतः येईन."

ती गेल्यावर सुनीता माझ्यावरच चढली. "बाई, खरं का नाही सांगितलं तिला? साचा आपला, सगळं आपलं."

"सांगून काय होतं गं? त्याच्याकडे वकील आहे, माझ्याकडे तोंड आहे. तोंडाचं कोण ऐकतं? मांडीवर दाल सांडली की सगळे ऐकतात."

"आणि आपली ऑर्डर?"

"त्याची फुटली की आपलीच उरते. जाते कुठे?"

पण खरं सांगू का, त्या आठवड्यात मला ऑर्डरची स्वप्नं पडतच नव्हती. मला त्याची फजिती दिसत होती. चार लोकांत, पंगतीत, फंडाच्या साहेबांसमोर. भाजी चिरताना मी एकटीच हसायचे. रविवारी सकाळी आमच्या पत्तलींचे दोन गठ्ठे गाडीच्या डिक्कीत टाकले, ठेवणीतली माहेश्वरी नेसले आणि निघाले.

संजीव गेटवरच उभा होता, क्रीम रंगाचं जॅकेट घालून. मला बघून त्याचं हसू जरा आखडलं.

"अरे ताई, आप! बाफल्याचं तुम्हीच सुचवलं म्हणे कस्तुरी मॅडमना?"

"मग? तुझी इज्जत माझी इज्जत," मी म्हटलं. "लाभार्थी आहे ना मी तुझी."

"ते प्रिंटिंगवाल्याने हो... मी बोलतो त्याला."

"बोल ना भिया. आरामात बोल."

मंडपात गाद्या, पुढे बुटके चौरंग, त्यांवर पत्तली. आणि चोराची चलाखी बघा. प्रत्येक पत्तलीशेजारी एक स्टीलची वाटी! दाल वाटीत, बाफला पत्तलीवर कोरडा. दाल पत्तलीला लागू द्यायचीच नाही. मी मनात म्हटलं, वा रे पठ्ठ्या, हुशार तर आहेस. पण तू हिशेबात घेतलीस ती पत्तल. मला घेतलंच नाहीस.

आमच्या पंगतीचा एक कायदा आहे, मनुहार. म्हणजे आग्रह, पण साधासुधा नाही. वाढणारा समोर येऊन वाकला की जेवणाऱ्याने नाही म्हणायचं नसतं. हात आडवा धरला तर हातावर वाढतात. पत्तलीवर ओणवा झाला तर पाठीवरून वाढतात. नाही म्हणणं म्हणजे घरधन्याचा अपमान. आणि आज घरधनी होता संजीव, त्यामुळे सगळ्यांत जास्त त्यालाच गप्प बसावं लागणार होतं.

भाषणं झाली. संजीव माइकवर म्हणाला की नफा आणि निसर्ग हातात हात घालून चालू शकतात, आणि ही पत्तल त्याचा पुरावा आहे. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. मग सगळे बसले. एका टोकाला फंडाचे साहेब, त्यांच्याशेजारी कस्तुरी, मग संजीव, मग उदयसिंह, पांढऱ्या मिशा, पांढरा कुर्ता, आणि पुढे बाकीचे हलवाई. मी आचाऱ्याकडून दालीची बादली घेतली आणि तुपाचा लोटा वाढणाऱ्या एका बाईच्या हाती देऊन तिला मागे घेतलं.

"हे काय, वाटीत दाल?" मी मोठ्याने म्हटलं, अख्ख्या मंडपाला ऐकू जाईल असं. "दवाखान्यात आलोय का आपण? साहेब, वाटी बाजूला. बाफला चुरा. असा, मुठीने. जोर लावा!"

साहेब हौशी निघाले. बाह्या सरसावून चुरायला लागले. मी वरून दाल सोडली, वाफाळती, पळीभर, मग आणखी पळीभर. "बस, बस" म्हणाले. "मनुहार है सा, बस नहीं चलता," मी म्हटलं, आणि मागून तूप. कस्तुरीला तसंच. ती फोटो काढायचं थांबून दोन्ही हातांनी चुरत होती.

मग संजीव. त्याने बाफल्याचा एक कोपरा मोडून वाटीत बुडवला होता, परदेशातून आल्यासारखा.

"अरे, चूर ना," मी म्हटलं.

"ताई, मी हल्ली हलकं खातो."

"हलकं? इंदोरी असून? कस्तुरी, बघ तुझे सर. जगाला लोकल लोकल सांगतात आणि स्वतः बाफला बिस्किटासारखा बुडवून खातात."

लोक हसले. कस्तुरी म्हणाली, "सर, प्लीज, एक फोटो तर होऊन जाऊ दे!" त्याने माझ्याकडे पाहिलं. त्या डोळ्यांत पहिल्यांदा विनवणी होती. ताई, नको. सांगते, त्या नजरेसाठी मी आणखी दहा वर्षं थांबले असते. इतकं गार वाटलं मला.

"थांब, मीच चुरून देते," मी म्हटलं. "ताई म्हणतोस ना?" आणि खाली बसून त्याच्या पत्तलीत हात घातला. बाफला मुठीत धरला, पत्तलीच्या मधोमध दाबला, चांगला रगडला. वर दाल. वर तूप. पुन्हा दाल. "खा," मी म्हटलं. "खा रे, माझंच आहे सगळं. खा."

आणि त्याने पत्तल उचलावी म्हणूनच मी चौरंग जरासा सरकवला. सांडेल म्हणून त्याने घाईने पत्तल दोन्ही हातांनी उचलली आणि बूड सुटलं. फट्ट आवाजसुद्धा नाही झाला, नुसतं ओल्या पापडासारखं लोंबलं, आणि दाल, तूप, बाफला, सगळं त्या क्रीम जॅकेटवरून थेट मांडीत. तो ओरडून उठला. तेवढ्यात पलीकडे साहेबांची पत्तल चौरंगाला चिकटून फाटली आणि दाल चौरंगावरून गादीवर यायला लागली. मग एका हलवायाची. मग दुसऱ्याची. कोणी उठतंय, कोणी धोतर झटकतंय, कोणी हसतंय. संजीव मधोमध उभा, पिवळाधमक.

माझ्या मनात लाडू फुटत होते. खोटं कशाला बोलू? इतकी वर्षं छातीत जे ठसठसत होतं ते एकदम मोकळं झालं.

तेवढ्यात कस्तुरी कळवळली. तिचीही पत्तल गेली होती, आणि मी वाढलेली वाफाळती दाल थेट तिच्या मांडीवर आली होती. कोणीतरी बर्फ आणायला धावलं. मुलगी ओठ चावून रडू आवरत होती. मला वाईट वाटलं, हो, वाटलं. पण माझ्याकडे तेव्हा वेळ नव्हता. लोखंड तापलं होतं. मी पळत गाडीकडे गेले, डिक्की उघडली, दोन्ही गठ्ठे काखोटीला मारून आले आणि उदयसिंहसमोर ठेवले.

"भाईसाहब, ही बघा. पोलोग्राउंडची. काड तेच, साचा तोच, पण शिजलेली. घ्या, ह्यात चुरा, दणकून चुरा."

मी स्वतः त्यांच्यापुढे पत्तल मांडली, दोन बाफले चुरले, दाल ओतली. त्यांनी मुठीने दाबून पाहिलं. पत्तल उचलून खालून हात फिरवला. कोरडी होती. ठणठणीत. आजूबाजूचे हलवाई वाकून बघायला लागले. एक जण म्हणालासुद्धा, "ये तो पक्की है यार."

त्या पत्तलीतलं सगळं उदयसिंहांनी शांतपणे खाल्लं, कण न टाकता. मग नळावर हात धुतले, मिशा पुसल्या आणि मला बाजूला बोलावलं.

"बाईसाब, पत्तल आपकी अच्छी है. इसमें कोई शक नहीं."

"मग सीझनचं पक्कं समजू?"

"ये गाडी में पहले से रखी थीं?"

मी पदराला हात पुसायला लागले. त्यांनी हळूच मान हलवली.

"मतलब आपको मालूम था फूटेगी. मालूम था, और आप परोसती गईं. उस बच्ची को भी परोस दिया." त्यांचा आवाज चढला नव्हता, तेच वाईट होतं. "मेरे यहाँ पंगत में मेरा दुश्मन भी बैठ जाए ना बाईसाब, तो घी उसको बराबर का मिलता है. बैर निकालना हो तो सड़क है, कचहरी है. पंगत में नहीं."

"अहो, त्याने माझा साचा चोरला! माझा फोटो छापून..."

"चोरा होगा. चोर तो वो है ही. उसकी कच्ची पत्तल मैं लेने वाला नहीं." ते थांबले. "पर आपसे भी नहीं ले सकता. कल को मेरे किसी जजमान से आपकी ठन गई, तो मैं किसके भरोसे लोगों को बिठाऊँगा?"

"मग कोणाची घेणार?"

"वो ही प्लास्टिक चढ़ी कागज वाली. जैसी चल रही है, चलने दो." आणि हात जोडून ते गाडीत बसले.

मागे बाकीचे हलवाईही पांगले. मंडपात मी, संजीव आणि सांडलेली दाल. फंडाचे साहेब कस्तुरीला घेऊन दवाखान्यात गेले होते, संजीवशी एक शब्द न बोलता. तो नळाखाली जॅकेट धरून उभा होता. मला बघून म्हणाला, "मिळालं समाधान?"

"मिळालं," मी म्हटलं. आणि ते खरं होतं, म्हणूनच त्याच्याकडे न बघता मी माझे गठ्ठे उचलले.

दुसऱ्या दिवशी सकाळी कारखान्यात सगळ्या बायका माझ्याआधी हजर. बातमी पोचली होती, पण अर्धीच. सुनीताने तर पेढे आणले होते. "बाई, नीट सांगा! जॅकेटवर कशी सांडली?" मी सांगितलं. हाताने करून दाखवलं, त्याचा आवाज काढून दाखवला. बायका पोट धरधरून हसल्या. एक तर काडाच्या ढिगावर बसली हसता हसता. मीही हसले. काय हसले मी!

"और ऑर्डर, बाई?" सुनीताने डोळे पुसत विचारलं. "पक्की ना? सांगा, म्हणजे मी काड शिजायला घालते."

सगळ्या माझ्याकडे बघत होत्या, तोंडात पेढा. मला वाटलं, संजीवला शिव्या घालाव्यात, उदयसिंहला घालाव्यात. आल्याही तोंडात. पण सुनीता माझ्यासमोर उभी होती, काडाची टोपली कमरेवर घेऊन.

"घालू ना?" तिने परत विचारलं.

"नको," मी म्हटलं. "टोपली ठेव खाली. बस जरा."